रशीदभाईंची कडी

फोन आला तेव्हा मी मंचरला एका दुकानात उभा राहून भांडत होतो. आमच्या स्टार्टरच्या पेटीचं झाकण नीट बसत नाही अशी त्या दुकानदाराची तक्रार होती आणि "तुला ते लावता येत नाही" असं माझं म्हणणं होतं. म्हणजे माझं नेहमीचंच. फोनवर शबाना होती, रशीदभाईंची मुलगी, जुन्नरला शाळेत शिकवते. ती एवढंच म्हणाली, "विलासकाका, अब्बा गेले. असरच्या नमाजानंतर, पाचच्या सुमाराला, नेणार आहेत. तुम्ही या." मी "येतो" म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि त्या दुकानदाराच्या तोंडाकडं बघत राहिलो. तो बिचारा घाबरला. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या शेठ, घेतो मी झाकण हाय तसंच." कांद्याच्या ट्रकांमधून वाट काढत जुन्नरला पोचेपर्यंत जनाजा निघाला होता. मीही मागं चालत गेलो, सगळ्यांनी टाकली तशी तीन मुठी माती टाकली. रडू आलं नाही. लाज वाटली. कसली लाज, ते सांगायलाच एवढ्या आठवड्यांनी हे लिहायला बसलोय, आणि लिहिताना पहिल्यांदाच सांगतो, यातून माझं काही चांगलं निघणार नाही.

रशीदभाई पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, टेंपोच्या फाळक्यांवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं रंगवायचे. मी पुण्याहून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून आलो आणि नव्वदीच्या सुरुवातीला वारूळवाडीला शेड टाकून विहिरीवरच्या मोटारींच्या स्टार्टर पेट्या बनवायला लागलो, तेव्हा पाटी रंगवायला त्यांना बोलावलं. डोक्यात हवा भरलेली. मला सावली दिलेली, वेलबुट्टीची अक्षरं हवी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि साधी, जाड, काळी अक्षरं काढून मोकळे झाले. मी खवळलो. ते शांतपणे शिडीवरून उतरले, शेजारच्या भिंतीवर खडूनं मला हवी होती तशी नक्षीची अक्षरं काढली आणि मला रस्त्याच्या पलीकडं घेऊन गेले. एक सायकलवाला चालला होता. "ओ पावणं, त्या भिंतीवर काय लिवलंय?" असं विचारलं, खिशातून पत्र्याची छोटी डबी काढली आणि तिच्यातली एक लवंग गालात धरली. सायकलवाल्यानं पाय टेकवला, डोळे बारीक केले, नक्षीकडं बघून म्हणाला, "हाटेल निघतंय व्हय?" दुसऱ्याला पाटी दाखवली. त्यानं चालत्या सायकलवरूनच वाचली. रशीदभाई दोन्ही वेळेला गप्प. मी मात्र पहिल्याला "अहो हॉटेल नाही, नीट वाचा" म्हणून ओरडलो होतो.

"लवंग कशाला?" मी नंतर विचारलं.

"जीभ लई वाईट, विलासराव. समोरचा अडला की आपली जीभ सुटतीच. 'ते न्हाई, हे बगा' असं आपन सांगून टाकतो. तो शिकला, पन पाटी तशीच चुकीची ऱ्हायली. तुमी काय परत्येक गिऱ्हाइकासंगं घरी जानार हाय का सांगायला? म्हनून लवंग. दाताखाली धरली की याद ऱ्हाती, आता बोलायचं न्हाई."

माझा भाचा पुण्यात एका कंपनीत आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुठलं बटण कुठं असावं, ते माणसांना बसवून, त्यांच्याकडं बघून ठरवायचं, हेच त्याचं काम. याला युजेबिलिटी टेस्टिंग म्हणतात, असं त्यानं मला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. म्हटलं, बाबा रे, आम्ही हे बेल्ह्याच्या बैलबाजारात टेंपोच्या फाळक्यावर करत होतो. त्याला वाटलं मामा थापा मारतोय. थापा नव्हत्या. नवी पेटी तयार झाली की रशीदभाई ती आठवडे बाजाराला टेंपोत घालून न्यायला लावायचे. विजेचा संबंध नाही, आत नुसती बॅटरी, दिवे लागण्यापुरती. बाजार करून दमलेला एखादा शेतकरी दिसला की, "या पावणं, च्या घ्या, अन् येवढी मोटर चालू करून दावा." मग लवंग गालात, हात पाठीमागं. हसायचं नाही, मान हलवायची नाही, बोट दाखवायचं नाही. माणूस चुकला तरी त्याला चुकला म्हणायचं नाही. चहा पाजून, "लई उपकार झाले" म्हणून वाटेला लावायचं आणि मग फाळक्यावर खडूनं खूण करायची. मी टेंपोत मागं बसून चडफडत असायचो.

तिथं काय काय दिसलं! माझ्या पहिल्या पेटीवर हिरवं आणि लाल बटण अगदी शेजारी शेजारी, नाजूक, परदेशी मालासारखं. बाजारातला पहिलाच माणूस पेटीसमोर आला आणि इकडंतिकडं बघायला लागला. काय शोधतोय कळेना. त्यानं टेंपोखालून एक वाळकी काठी उचलली आणि लांब उभा राहून काठीनं बटण दाबायला गेला. काठी घसरली आणि लाल बटणावर पडली. मला हसू फुटलं. दुसरा आला, त्यानंही काठीच मागितली. तिसऱ्यानं चप्पल काढून हातात घेतली. ओल्या पायानं, चिखलाच्या हातानं विहिरीवर उभं राहणारी ही माणसं, प्रत्येकानं कधी ना कधी झटका खाल्लेला. बोटानं बटण कोण दाबणार? डिप्लोम्याच्या कुठल्या पुस्तकात काठी नव्हती. परत येताना रशीदभाई म्हणाले, "बटन वाटीवानी खोलगट करा, म्हंजे काठी घसरनार न्हाई. अन् बंदचं बटन चालूपेक्षा मोठं करा. घाबरलेला मानूस बारीक बटन शोधत बसत न्हाई." तशी बटणं केली, आणि माझ्या पेट्या घोडेगावपासून आळेफाट्यापर्यंत गेल्या. लोक माझं नाव घ्यायचे. मीही घेऊ द्यायचो. त्यांचं एक वाक्य होतं, ते मी नंतर स्वतःचं म्हणून चारचौघांत वापरलंय: "रोज लागतं ते मोठं, कधीमधी लागतं ते बारीक, अन् जीव घेतं ते कुलपात." यातलं शेवटचं मी विसरलो.

झालं असं. आमच्याकडं लोडशेडिंगमुळं वीज कधी येईल याचा नेम नसायचा. माणसं घरच्या ओट्यावरून विहिरीकडं डोळे लावून बसायची. म्हणून मी एक नवी पेटी काढली, बंद दाराची, आणि दारावर एकच मोठा लाल दिवा. वीज आली की दिवा लागणार, चार वावरं लांबून दिसणार. अशी पेटी पंचक्रोशीत कुणाकडं नव्हती. मी रशीदभाईंना म्हणालो, "याला टेस्ट-बिस्ट काही नको. आंधळ्यालाही कळेल." ते म्हणाले, "मंग बाजारात न्यायला काय जातंय?" त्या दिवशी त्यांनी एक निराळंच काम काढलं. लाल दिवा मुद्दाम बंद ठेवला आणि येईल त्याला सांगितलं, "पावणं, आत एक वायर ढिली झालीया, तेवढी आवळून द्या." पेटीशेजारीच मेन स्विच, त्याचा खटका वर. म्हणजे आत वीज आहे असं धरायचं. आला तो माणूस, दिव्याकडं एक नजर टाकली, दार उघडलं आणि पेचकस घेऊन सरळ आत हात घातला. खटका पाडला नाही. दुसराही तसाच. तिसरा तर म्हणाला, "बरं झालं लाईट गेली त्ये, आत्ताच आवळून घेऊ." एक म्हातारा सोडला, ज्याला तरुणपणी विजेनं विहिरीत फेकलं होतं, तर दिवसभरात एकानंही खटका पाडला नाही.

परतीच्या वाटेवर रशीदभाईंनी लवंग थुंकली आणि पहिल्यांदाच आवाज चढवला. "विलास, ही पेटी बाजारात काडू नको. आपल्या लोकांना सवय हाय, लाईट गेली की दुरुस्तीची कामं उरकायची. दिवा न्हाई म्हंजे लाईट न्हाई, असं त्यांचा डोळा वाचतो. अन् उद्या दिवाच जळाला तर?" मी म्हटलं, दिवा जळाला तर नवा बसवतील. ते म्हणाले, "दार अडवा. खटका पाडल्याबिगर दार उघडायलाच नको. मेनच्या दांड्याला एक पट्टी जोडा, दांडा वर असंल तर पट्टी दाराला आडवी ऱ्हाईल. ट्रंकेच्या कडीवानी. मी लोहाराकडून करून आनतो."

मी काय म्हणालो ते शब्दांनिशी आठवतंय, कारण गेली कित्येक वर्षं ते माझ्या कानात वाजतंय. मी म्हणालो, "रशीदभाई, पाटी तुमची, वीज माझी. उन्हाळा तोंडावर आलाय, साचे तयार आहेत, लोक दारात उभे आहेत. दाराच्या आतल्या बाजूनं एक सूचना लिहा, मोठ्या अक्षरात. शिकतील लोक." ते म्हणाले, "लिवावं लागलं म्हंजे चुकलं. हात आधी जातो भाऊ, डोळं मागनं." मी म्हणालो, "लिहा."

आणि त्यांनी लिहिलं. शेडमध्ये खाली बसून प्रत्येक दाराच्या आतून, एकेक करून, पिवळ्यावर काळं, अशी देखणी अक्षरं की फळ्यावर शिकवायला ठेवावीत: 'दिवा बंद असला तरी आत वीज असू शकते. प्रथम खटका पाडा.' त्यांचं पोट माझ्या शेडवर होतं, हे मला माहीत होतं आणि मी ते वापरलं.

बबनराव म्हणून एक शेतकरी, त्यांची पेटी त्याच उन्हाळ्यातली. बेल्ह्याच्या पुढं एका वाडीत त्यांची विहीर. दोन वर्षं पेटीनं काही त्रास दिला नाही. मग एका सकाळी, आदल्या दिवशी मोटर गुरगुरत होती म्हणून ते पेचकस घेऊन ओट्यावर बसले होते, लाईट कधी जाते त्याची वाट बघत. दिवा गेला. वीज गेली नव्हती, दिवा जळाला होता. बायकोला म्हणाले, "गेली बघ. आलोच वायर आवळून, तवर भाकरी टाक." भाकरी तव्यावर असतानाच शेजारच्या वावरातून ओरडा झाला.

मला बोलावणं आलं. पेटी कोणाची, म्हणून. मी रशीदभाईंना मोटारसायकलवर मागं घेऊन गेलो. का नेलं? आज वाटतं, सोबत कुणी तरी हवं होतं, आणि ते भांडणार नाहीत याची खात्री होती. पंचनामा चालू होता. साहेबांनी विचारलं, "पेटीत काही दोष?" मी दार पुरतं उघडलं, आतली बाजू त्यांच्याकडं वळवली आणि म्हणालो, "साहेब, सूचना स्पष्ट लिहिलेली आहे. वाचा." त्यांनी वाचली. लिहून घेतली. मयतास लिहिता-वाचता येत असूनही त्याने सूचनेकडे दुर्लक्ष केले, अशा अर्थाचं काही तरी नोंदलं गेलं. बबनरावांची आई तिथंच बांधावर बसली होती, पदर तोंडात कोंबून. तिनं रशीदभाईंना विचारलं, "काय लिवलंय वं त्यात, बाबा?" त्यांना स्वतःची अक्षरं वाचून दाखवावी लागली. म्हातारीनं कपाळावर हात मारला. "वाचता येतं म्हनून गावभर मिरवायचास की रं! मंग येवढं वाचलं न्हाईस?" मेलेल्या पोराला विचारत होती. रशीदभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी मोटारसायकलची किल्ली शोधत होतो.

त्यानंतर त्यांनी कुंचला हातात धरला नाही. फ्लेक्सचे बोर्ड आले होते, गावोगावचे पेंटर घरी बसत होते, त्यामुळं सगळे म्हणाले फ्लेक्सनं रशीदभाईंना खाल्लं. मीही म्हणालो. माझ्या तोंडून तर ते फार सहज निघायचं. पुढच्या वर्षीच्या पेट्यांना मी दार अडवणारी पट्टी बसवली, साचे बदलून, आणि 'सुधारित मॉडेल' म्हणून विकल्या. का सुधारली, ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. जुन्या पेट्यांचं काय? ते माझ्या मनात आलं नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही. आलं होतं. एकदा राजूरचा एक गिऱ्हाईक म्हणाला, "तुमचा पेंटर आला व्हता लुनावर. जुन्या पेटीला कडी बसवून गेला, दिवा बी बदलला. लई चांगली सेवा तुमची." मी "हो हो" म्हणालो. मग घोडेगावहून कळलं, मग ओतूरहून. म्हातारा माणूस पाठीवर पिशवी लावून, लोहाराकडून पट्ट्या करून घेऊन, माझी चूक विहिरी-विहिरींवर जाऊन निस्तरत होता. मी त्याला साधं "पेट्रोलचे पैसे शेडवरून घ्या" एवढंही म्हटलं नाही. कारण तसं म्हणायचं तर पुढचंही बोलावं लागलं असतं.

शेडवर ते येत राहिले. महिन्यातून एक-दोनदा, दुपारचे. दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. गालात लवंग. मी काम करत बडबडायचो, भाव, पाऊस, सरपंचाच्या भानगडी. ते माझ्याकडं बघत बसायचे. चहा आला तर तसाच निवायचा. मी एकदा विचारलंही, "रशीदभाई, दाढ दुखते का तुमची? सारखी लवंग?" त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. तास-दोन तास बसून उठून जायचे. मला वाटायचं, म्हातारपण, करमत नसेल. काय म्हणावं माझ्या अकलेला!

शेवटची भेट त्यांच्या घरी, जाण्याच्या आठ-दहा दिवस आधी. मूत्रपिंडं गेली होती, डॉक्टरांनी पाणीसुद्धा मापून द्यायला सांगितलं होतं. मी मोबाईलवरून चालणारा नवा स्टार्टर दाखवायला घेऊन गेलो, जणू आजारी माणसाला त्याचीच गरज होती. घरून फोन लावायचा, विहिरीवर मोटर चालू. त्यांनी उशाला टेकून तो हातात घेतला, उलटा-पालटा केला, आणि विचारलं, "चालू झाली हे घरी कसं कळनार? अन् विहिरीवर कुनी वायर धरून उभा असंल तर?" मी म्हणालो, "बघतो, त्याचं काही तरी करतो." मग त्यांनी शबानाला खूण केली. तिनं डबी दिली. त्यांनी लवंग गालात ठेवली आणि माझ्याकडं बघत राहिले. मी बोलतच सुटलो... रेंज, बॅटरी, कंपनी... बराच वेळ. ते बघतच होते. मग डोळे मिटले, मला वाटलं झोप लागली. मी पेटी उचलून निघालो. शबाना दारापर्यंत आली, म्हणाली, "काका, डॉक्टरांनी लवंग बंद केलीय. तुम्ही आलात की मात्र मागतात."

चाळिसावा झाल्यावर तिनं ती डबी मला आणून दिली. "अब्बांनी सांगितलं होतं, विलासला द्या." दुसऱ्या दिवशी मी गाडी काढली आणि बेल्ह्याच्या पुढच्या त्या वाडीवर गेलो. इतकी वर्षं तो रस्ता टाळला होता, आळ्याहून वळसा घालून जायचो.

ताराबाई, बबनरावांच्या बायको, ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. केस पांढरे झालेत. मला बघून उठल्या नाहीत, "बसा भाऊ" म्हणाल्या. मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सगळं ओकून टाकलं. बबनरावांची चूक नव्हती, पेटी माझी चुकली होती, मला आधी कळलं होतं, रशीदभाईंनी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि पंचनाम्यात त्यांच्या डोक्यावर खापर फोडून मी घरी जाऊन जेवलो. त्यांच्या हातातल्या शेंगा फुटतच होत्या.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "तेराव्याच्या आतच रशीदभाई आले व्हते. म्हनले, ताई, मानूस चुकला न्हाई, पेटी चुकली, अन् माजी अक्षरं चुकली. मी म्हनलं, चला, मी त्या पेटीवाल्याला इचारते. तर म्हनले, नगा. सांगून आला तर काय आला? तो आपनहून येईल."

मी खाली बसलो.

"आदी मी बी वाट बघायची. मंग सोडलं. ते मातुर दरसाल दिवा बदलायला आले की इचारायचे, 'विलास आला व्हता का?' मी म्हनायची, न्हाई. मंग पिशवी उचलून निघायचे." त्यांनी सुपातली फोलपटं फुंकली. "मला राग न्हाई आता. राग बी झिजतो. पन सासूबाईंना रशीदभाईंनी कितींदा सांगितलं, तरी त्या ऐकायच्या न्हाईत. म्हनायच्या, 'तू मला बरं वाटावं म्हनून बोलतोस. पेटीवाला सोता म्हनला तर खरं.' लेकाला बोल लावत लावत गेल्या त्या, चार वर्सं झाली. आमचा बबन बेफिकीर, असंच म्हनत गेल्या. तेवढ्यासाटी तुमी याया पायजे व्हतं भाऊ."

तिथं बसल्या बसल्या मला ते स्टूल दिसत होतं, शेडमधलं, आणि गालात लवंग धरून बसलेला माणूस. बाजारात पेटीसमोर अडलेल्या शेतकऱ्याकडं ते बघायचे, अगदी तसंच माझ्याकडं बघत होते. सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही, त्याचं त्याला उमगू द्यायचं. दहा वर्षं त्यांनी मला वेळ दिला. बैलबाजारातला अडाण्यातला अडाणी माणूससुद्धा दहा मिनिटांत कुठं तरी हात घालायचा. मी दहा वर्षं हात खिशात घालून उभा राहिलो, आणि ते वाट बघून गेले.

निघताना ताराबाई म्हणाल्या, "आलायसा तर तेवढा दिवा बगा. रशीदभाई पडल्यापासनं बंद हाय." गाडीत दिवे असतातच. एक घेतला, पेचकस घेतला, विहिरीकडं गेलो. त्या मागून येत होत्या. तीच पेटी. रंग विटलेला, दारावरचा लाल दिवा विझलेला. मी दिव्याकडं एक नजर टाकली आणि दाराच्या मुठीला हात घातला. दार उघडेना. जरा ओढलं. उघडेना. "गंजलं वाटतं," असं म्हणून दोन्ही हातांनी हिसका दिला, तरी नाही... मग मान खाली घालून बघितलं. खटका वर होता. दारावर आडवी, दोन रिबिटं मारलेली, जाड लोखंडी पट्टी होती. आत्ताच, पाच मिनिटांपूर्वी, याच गोष्टीबद्दल या बाईसमोर बोलून आलो होतो मी. पेटी माझी, डिप्लोमा माझा, पाप माझं, आणि हात मात्र बबनरावांच्याच वाटेनं गेला. मागं वळून बघितलं. ताराबाई विहिरीजवळच्या खोपीच्या दारात उभ्या होत्या, माझ्याकडं बघत.

खटका पाडला. पट्टी सरकली, दार सुटलं. आतली बाजू कोरी होती. रशीदभाईंनी आपली अक्षरं पॉलिश पेपरनं घासून काढली होती, पत्रा उघडा पडेपर्यंत. मी दिवा बदलला, दार लावलं, खटका वर केला. लाल दिवा लागला. पट्टी पुन्हा दारावर आडवी येऊन बसली. बोटभर रुंदीचं लोखंड, लोहाराकडचं अर्ध्या तासाचं काम. त्या सकाळी ती असती, तर बबनरावांचं दारही असंच अडलं असतं, आणि ते चिडून, शिव्या देत, भाकरी खायला परत गेले असते.